द्राक्षाच्या आरएनए-सिक्वेन्सिंगसाठी सॉफ्टवेअर बसवताना अडकलेय, कुणी वाट दाखवाल का?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्रात पीएचडी करतेय. विषय द्राक्षावरचा डाऊनी, म्हणजे केवडा रोग. मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी पाच-सहा पानांवर असताना थॉम्पसन आणि एका सहनशील जातीच्या पानांवर लागण केली. ०, २४ आणि ७२ तासांनी पानं तोडली, प्रत्येक वेळी ३ प्रती, असे एकूण १८ नमुने. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून, कोणते जीन कधी किती चालू होतात ते पाहायला बाहेर सिक्वेन्सिंगला पाठवले. डेटा येऊन दोन महिने झाले, आणि मी अजून सॉफ्टवेअर बसवण्यातच आहे.

विभागात एक डेस्कटॉप आहे. उबुंटू, १६ जीबी रॅम. आधीच्या तीन-चार संशोधकांनी ज्याला जे लागलं ते त्यातच बसवलंय. डेटाचा दर्जा तपासणारं फास्टक्यूसी चाललं, वाचलेले तुकडे (रीड) जीनोमवर जुळवणारं हायसॅट२ चाललं, त्या जुळवणीच्या फाइली हाताळणाऱ्या सॅमटूल्सवर गाडी अडली. दर वेळी एकच ओळ येते: 'लिबक्रिप्टो डॉट एसओ डॉट १.०.०' नावाची लायब्ररी उघडता आली नाही. नेटवर एका ठिकाणी उपाय मिळाला, की फोल्डरमध्ये १.१ ची फाइल आहे तिलाच १.०.० नावाची लिंक करून द्या. केलं. सॅमटूल्स सुरू झालं. मग आर (आकडेवारीची भाषा) उघडून त्यात जीनच्या मोजणीची तुलना करणारं डीईसेक२ बसवायला गेले तर पानभर लाल अक्षरं आणि शेवटी 'नॉन-झीरो एग्झिट स्टेटस'. त्यातच सीनियरने दिलेली स्क्रिप्ट पायथॉन २ मधली निघाली.

पुन्हा नमुने घ्यायचे तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल, त्यामुळे हातातल्या डेटाशी काही चुकीचं होऊ नये याची फार धास्ती वाटते. मशीन फॉरमॅट करू का? की एकेक एरर सोडवत जाऊ?

सातपूरकर

ताई, फॉरमॅट करू नका, आणि एकेक एररही सोडवत बसू नका. मी बरीच वर्षं एका संशोधन संस्थेच्या लॅबमधली मशीन सांभाळली आहेत. तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य ओळखीचं आहे.

आधी ती लिंक काढून टाका. आज. सॅमटूल्सच्या जुन्या बिल्डला ओपनएसएसएलची १.०.० ही आवृत्ती हवी होती. तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजने १.१ आणून ठेवली. लिंक करून तुम्ही प्रोग्रामला सांगितलंत की ही १.०.० च आहे. आत्ता चालतंय कारण ज्या फंक्शनमध्ये फरक आहे तिथपर्यंत तो अजून गेला नसेल. उद्या गेला तर मध्येच बंद पडेल, आणि तेव्हा ही लिंक तुमच्या लक्षातही नसेल. तुमच्यानंतर त्या मशीनवर बसणाऱ्याला तर काहीच कळणार नाही.

आता ही एरर का येते, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुमच्या मशीनवर सॉफ्टवेअर बसवायला कोंडा वापरलेलं दिसतं. जीवशास्त्रातली बहुतेक साधनं त्याच्या 'बायोकोंडा' चॅनेलवर मिळतात. पण सॅमटूल्सला लागणारं ओपनएसएसएल, झीलिब असलं पायाचं सामान 'कोंडा-फोर्ज' चॅनेलवर असतं. बायोकोंडाची मंडळी आपली पॅकेजेस कोंडा-फोर्जच्या सामानाला जुळवून बांधतात. तुमच्या मशीनवर पायाचं सामान एका चॅनेलवरून आणि वरचं दुसऱ्यावरून आलं असणार, त्यामुळे सांधे जुळत नाहीत. शिवाय चार जणांचं सामान एकाच 'बेस'मध्ये, म्हणजे कोंडाच्या मूळ खोलीत असल्यामुळे कुणाला काय लागतं याचा मेळ घालताना कोंडाने मुकाट्याने सॅमटूल्सची जुनी आवृत्ती उचलली. तिलाच ते १.०.० हवं होतं.

म्हणून असं करा. जुन्या अ‍ॅनाकोंडाला (मशीनवर आधी बसवलेल्या कोंडाला) हात लावू नका, कुणाचं तरी काम त्यावर चालू असेल. फक्त तुमच्या लॉगिनच्या बॅशआरसी फाइलमधला त्याचा भाग बंद करा. तुमच्या होम फोल्डरमध्ये मिनिफोर्ज बसवा. त्याला सुडो, म्हणजे मशीनच्या मालकाचे हक्क, लागत नाहीत. मिनिफोर्ज मुळातच कोंडा-फोर्जवर चालतं. त्यात बायोकोंडा जोडा, पण क्रम सांभाळा: कोंडा-फोर्ज वर, बायोकोंडा त्याच्या खाली, आणि 'चॅनेल प्रायॉरिटी'ला 'स्ट्रिक्ट'. बेसमध्ये काहीही बसवायचं नाही. अगदी काहीही.

मग कामागणिक वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरची स्वतंत्र खोली. दर्जा तपासायला एक: फास्टक्यूसी, फास्टपी, मल्टीक्यूसी. जुळवणीला एक: हायसॅट२, सॅमटूल्स, सबरीड. आरसाठी तिसरं. पायथॉन २ ची स्क्रिप्ट अगदीच लागत असेल तर तिला चौथं, तिच्यापुरतं. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपलाय, त्यामुळे जमलं तर ती स्क्रिप्ट नव्याने लिहिलेली बरी.

जागेची काळजी करू नका. एकच पॅकेज तीन एन्व्हायर्नमेंटमध्ये असलं तरी कोंडा शक्य तिथे डिस्कवर एकच प्रत ठेवून बाकीच्यांना जोडून देतं.

टर्मिनलप्रेमी

मी मूळचा पंचवटीचा, सध्या बंगळूरला. सातपूरकरांशी सहमत. पण २०२० नंतरच्या काळात थेट डॉकर (साधन त्याच्या सगळ्या सामानासकट डब्यात बंद करून चालवणारं) का नाही वापरत? बायोकंटेनर्सवर बायोकोंडातल्या जवळपास प्रत्येक साधनाचा तयार डबा मिळतो. ओढून घ्या आणि चालवा, जुळवाजुळव नाही.

सातपूरकर

डबे चांगलेच असतात. पण डॉकर चालवू देणं म्हणजे त्या माणसाच्या हातात मशीनची किल्ली दिल्यासारखं असतं. विभागाच्या सामायिक मशीनवर, जिथे पाच जणांचा प्रबंध पडलेला आहे, तिथे मी ते देत नसे. अशा ठिकाणी सिंग्युलॅरिटी बरं. २०२१ पासून त्याचं एक रूप अ‍ॅपटेनर या नावाने लिनक्स फाउंडेशनकडे आहे. तेच डॉकरचे डबे ते साध्या वापरकर्त्याच्या हक्कात चालवतं, आणि अख्खा डबा एकाच फाइलमध्ये येतो. पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या मशीनवर नेता येतो. पुण्याला आयसरमध्ये 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे, तशा मोठ्या यंत्रणांवर आधी 'मॉड्यूल अव्हेल' करून काय बसवलेलं आहे ते पाहायचं, नसेल तर असा डबा न्यायचा.

ताईंच्या आजच्या कामाला मात्र कोंडा पुरे. एका वेळी एकच नवी गोष्ट शिकू द्या त्यांना.

ओनियनजीनोम

मध्येच विचारतो, माफ करा. मी कांद्यावर काम करतो. जुळवणीसाठी स्टार जास्त वेगवान आहे म्हणतात, पण त्याला ३२ जीबी रॅम लागते असं सगळीकडे वाचलं. १६ जीबीवर विचारच करायचा नाही का?

सातपूरकर

तो ३०-३२ जीबीचा आकडा माणसाच्या जीनोमसाठी आहे. ढोबळ हिशेब असा, की जीनोममध्ये जितके बेस (डीएनएची अक्षरं) तितक्याच्या दहापट बाइट. माणसाचा ३ अब्ज, म्हणून ३० जीबी. द्राक्षाचा साधारण ५० कोटी, म्हणजे ५-६ जीबीत काम होतं. ताईंच्या मशीनवर स्टार सहज चालेल.

तुमची गोष्ट वेगळी. कांद्याचा जीनोम १६ अब्जांच्या घरात, माणसाच्या पाचपट. १६ जीबी काय, १२८ जीबीतही तो बसणार नाही. संपूर्ण जीनोमचा नाद सोडा, ट्रान्सक्रिप्टोम (फक्त आरएनएचा संच) घ्या आणि सॅल्मन या साधनाने मोजा. आणि ट्रिनिटीने रीड जोडून ट्रान्सक्रिप्टोम स्वतः उभा करणार असाल तर दर १० लाख रीड-जोड्यांना साधारण १ जीबी रॅम धरून चाला. म्हणजे ५ कोटी जोड्यांना ५० जीबी. ते काम उसन्या मशीनवरच.

जीवशास्त्र_शिक्षिका

मी गंगापूर रोडच्या बाजूला पदवीच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे लॅबमध्ये २० मशीन, सगळी विंडोज, आणि बसवण्याचे हक्क आमच्याकडे नाहीत. आम्ही गॅलक्सी युरोप या सार्वजनिक सर्व्हरवर खातं काढून घेतो. मुलं ब्राउझरमधूनच फास्टक्यूसीपासून डीईसेक२ पर्यंत सगळं करतात. कुठल्या पायरीला कोणतं साधन, कोणती आवृत्ती, कोणते पर्याय वापरले, हे सगळं त्याच्या 'हिस्टरी'त आपोआप राहतं, आणि ती हिस्टरी दुसऱ्याला तशीच देता येते. १८ नमुने चढवायला आपल्या इंटरनेटवर दोन-तीन रात्री जातील, पण काम होतं. एवढंच, की रुग्णांचा डेटा असेल तर असल्या सार्वजनिक सर्व्हरवर कधीही चढवू नये.

आणि आरबद्दल. बायोकंडक्टरची (डीईसेक२ सारखी जीवशास्त्राची आर पॅकेजेस जिथून मिळतात त्याची) प्रत्येक आवृत्ती आरच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली असते. आर जुनं आणि बायोकंडक्टर नवं, किंवा उलट, असं केलंत की लाल अक्षरं येणारच. नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. मुलांना मी सांगते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी लक्षात ठेवा. आपल्याकडच्या मुलांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

द्राक्षवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. लिंक काढली. मिनिफोर्ज बसवलं. तीन एन्व्हायर्नमेंट केली. सॅमटूल्स पहिल्या झटक्यात चाललं, नवी आवृत्ती आली, लिबक्रिप्टोचं नावही नाही. पूर्वी 'सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट'वर अर्धा-अर्धा तास फिरत राहायचं, आता मिनिटभरात झालं.

पण आरमध्ये विचित्र प्रकार आहे. मी आर आणि डीईसेक२ दोन्ही कोंडातूनच घेतलं, आत 'इन्स्टॉल डॉट पॅकेजेस' एकदाही चालवलं नाही. तरी लायब्ररी लोड करताना म्हणतं की एक पॅकेज जुन्या आरमध्ये बांधलेलं आहे, आणि बंद पडतं. नव्या कोऱ्या खोलीत जुनं पॅकेज आलं कुठून?

सातपूरकर

आरमध्ये 'डॉट लिब पाथ्स' चालवून काय येतं ते इथे द्या. आर पॅकेजेस कुठे-कुठे शोधतं ते त्यात दिसतं.

द्राक्षवेल

दोन ओळी आल्या. पहिली माझ्या होम फोल्डरमधल्या 'आर' नावाच्या फोल्डरची, त्यात पुढे आरचा आवृत्ती क्रमांक. दुसरी मिनिफोर्जमधल्या एन्व्हायर्नमेंटची.

सातपूरकर

सापडलं. पहिली ओळ हीच तुमची अडचण. पूर्वी तुम्ही उबुंटूच्या आरमध्ये पॅकेजेस बसवायचा प्रयत्न केलात तेव्हा ती तुमच्या होममध्ये गेली. कोंडाच्या आरलाही तोच पत्ता मिळतोय, म्हणून तेही त्या फोल्डरमध्ये आधी डोकावतं, आणि तिथे जे मिळेल ते उचलतं. खोली नवी आहे, पण जुन्या घराचं मागचं दार तिच्यात उघडं राहिलंय.

त्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा, पुसू नका. एन्व्हायर्नमेंटमध्ये 'आर लिब्ज यूजर' हे व्हेरिएबल दुसऱ्या रिकाम्या फोल्डरकडे वळवून ठेवलंत तर पुन्हा असं होणार नाही. पायथॉनमध्येही हाच प्रकार घडतो. 'पिप' ने कधीतरी होममधल्या 'डॉट लोकल'मध्ये काही टाकलेलं असतं, आणि ते प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये झिरपतं. त्यासाठी 'पायथॉन नो यूजर साइट'ला १ द्या.

तुमच्या आधीच्या एररबद्दल राहिलं होतं. उबुंटूच्या आरमध्ये पॅकेज मूळ कोडमधून बांधलं जातं, आणि त्याला कर्ल, एक्सएमएल२, ओपनएसएसएल यांच्या 'डेव्ह' फाइली मशीनवर लागतात. त्या नसल्या की नॉन-झीरो एग्झिट स्टेटस. लाल अक्षरांत शेवटची ओळ कधीच वाचू नका. वर सरकत जा आणि 'एरर' हा शब्द पहिल्यांदा जिथे दिसेल ती ओळ वाचा. खरं कारण तिथे असतं, खालचं सगळं तिच्यामुळे पडलेलं असतं.

निफाडचा_बागायतदार

मी संगणकाच्या क्षेत्रातला नाही. आमची बाग आहे, एक्स्पोर्टची. डाऊनीचं नाव दिसलं म्हणून धागा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. एक विचारू का ताई? तुम्ही सॉफ्टवेअरची आवृत्ती-आवृत्ती म्हणताय, त्याने निकालात खरंच फरक पडतो का? म्हणजे उद्या तुम्ही सांगणार की या जातीत अमुक जीन डाऊनीला अडवतो. ते आवृत्ती बदलली तर बदलेल का?

सातपूरकर

दादा, बदलू शकतं. साधनाच्या नव्या आवृत्तीत कधी मूळ सेटिंग बदलतं, कधी चूक दुरुस्त होते. ठळक निकाल सहसा टिकतात, पण काठावरचे जीन इकडचे तिकडे होतात. म्हणून कुठल्या आवृत्तीने काढलं ते लिहून ठेवावंच लागतं.

निफाडचा_बागायतदार

मग हे आमच्या वहीसारखंच झालं. आम्ही प्रत्येक फवारणी लिहितो. तारीख, औषध, डोस, पाणी किती, बॅच नंबर, काढणीपूर्वी किती दिवस बाकी. अपेडा या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंद असते, पेटीवरून मागे प्लॉटपर्यंत जाता येतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांवरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, तेव्हापासून त्या वहीची किंमत आमच्या घरातल्या लहान पोरालाही कळते. वडील एक गोष्ट कटाक्षाने पाळतात: वही फवारणीच्या दिवशीच भरायची, संध्याकाळी, ट्रॅक्टर धुण्याआधी. आठवड्याने आठवून भरलेली वही काही कामाची नाही म्हणतात.

द्राक्षवेल

दादा, तुमची पोस्ट मी छापून मशीनच्या बाजूला लावलीय. मनापासून लिहितेय. माझ्याकडे अशी वहीच नव्हती.

सातपूरकर सर, कोंडात अशी वही कशी ठेवायची? आणि 'आर'चं काम झालं, फोल्डरचं नाव बदललं आणि डीईसेक२ शांतपणे लोड झालं.

सातपूरकर

दोन प्रकारे ठेवा, दोन्हींचा उपयोग वेगळा आहे.

'कोंडा एन्व्ह एक्स्पोर्ट'ला 'फ्रॉम हिस्टरी' जोडलंत तर तुम्ही स्वतः जे मागितलं तेवढंच येतं, पाच-सात ओळी. ही फाइल मॅकवर किंवा दुसऱ्या लिनक्सवर चालते, पण मागताना आवृत्ती सांगितली नसेल तर तिथे दुसरी आवृत्ती येऊ शकते. म्हणून मागतानाच आवृत्ती द्यायची सवय लावा. दुसरा प्रकार 'कोंडा लिस्ट'ला 'एक्स्प्लिसिट'. त्यात प्रत्येक पॅकेजचा पूर्ण पत्ता येतो, अगदी बिल्डसकट. त्यावरून त्याच प्रकारच्या मशीनवर हुबेहूब तेच एन्व्हायर्नमेंट उभं राहतं, आणि पुन्हा सॉल्व्ह करावं लागत नाही.

दोन्ही फाइली डेटाच्या फोल्डरमध्ये, गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदणाऱ्या साधनात) ठेवा. आणि एकदा खात्री करून घ्या: एन्व्हायर्नमेंट चक्क पुसून टाका आणि फाइलवरून परत उभं करा. उभं राहिलं तर वही पक्की. यापुढे एखादं एन्व्हायर्नमेंट बिघडलं तर दुरुस्त करत बसायचं नाही, पुसायचं आणि फाइलवरून नवं करायचं. लॅबमध्ये मी पहिली दोन वर्षं दुरुस्त्या करण्यात घालवली. त्या वर्षांतली एकही दुरुस्ती कुणाला दुसऱ्यांदा उपयोगी पडली नाही.

विंडोजवाली

माझ्याकडे फक्त विंडोजचा लॅपटॉप आहे. बायोकोंडा त्यावर मिळत नाही म्हणतात, हे खरं का?

टर्मिनलप्रेमी

थेट विंडोजवर नाही, बायोकोंडा लिनक्स आणि मॅकसाठी आहे. डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) बसवून घ्या, आत खरं उबुंटू मिळतं. तीन गोष्टी सांभाळा. डेटा लिनक्सच्या होममध्ये ठेवा. 'सी' ड्राइव्हवरून वाचलात तर फार मंद चालतं. रॅम साधारण निम्मीच मिळते, ती डब्ल्यूएसएल कॉन्फिग फाइलमधून वाढवता येते. आणि स्क्रिप्ट विंडोजमध्ये लिहून आणलीत तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून येतं, मग बॅश 'बॅड इंटरप्रिटर' म्हणतं. 'डॉस टू युनिक्स' चालवलं की जातं. फोल्डरच्या नावात स्पेस आणि कंसही नकोत.

द्राक्षवेल

तीन आठवड्यांनी लिहितेय. एन्व्हायर्नमेंट पुसून परत उभं करून पाहिलं, उभं राहिलं. त्या दिवशी लॅबमधून बाहेर पडताना कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं.

वही ठेवायला लागले म्हणून एक मोठी गोष्ट हाती लागली, ती इथे सांगायलाच हवी. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या लिहिता लिहिता वाटलं, जीनोमची फाइलही कुठून आली ते लिहावं. द्राक्षाचा संदर्भ जीनोम पीएन४००२४ या वाणाचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. त्यानंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. विभागाच्या मशीनवरची जीनोमची फास्टा फाइल एका आवृत्तीची आणि जीनची जागा सांगणारी जीएफएफ फाइल दुसऱ्या आवृत्तीची होती. गुणसूत्रांची नावं दोन्हींत सारखी, त्यामुळे एकही एरर नाही. कोणत्या जीनवर किती रीड पडल्या ते मोजणारं सबरीडमधलं फीचरकाउंट्स निमूट चाललं. पण जीनवर मोजल्या गेलेल्या रीड निम्म्याहूनही कमी. मी आधी नमुनेच खराब झाले असं समजत होते, गोठवताना काही चुकलं असेल म्हणून रात्र-रात्र झोपले नव्हते.

दोन्ही फाइली एकाच आवृत्तीच्या, एकाच ठिकाणाहून उतरवल्या. सगळे १८ नमुने पुन्हा मोजले. टक्केवारी सगळीकडे सारखी आणि भरघोस आली. नमुने एकमेकांशी किती सारखे ते दाखवणाऱ्या पीसीएच्या आलेखात तीनही प्रती एकमेकींजवळ बसल्या, ७२ तासांचे नमुने स्पष्ट वेगळे दिसतात. नमुने चांगले होते.

एन्व्हायर्नमेंटच्या फाइली आणि पायऱ्या मराठीत लिहून विभागाच्या मशीनवर ठेवल्यात. ज्यांना हव्यात त्यांनी निरोप करा, पाठवते. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी कोंडा-पॅकने अख्ख्या एन्व्हायर्नमेंटची बांधलेली प्रतही केलीय, पेनड्राइव्ह घेऊन या.

सातपूरकर

उत्तम काम केलंत ताई. पेनड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलचा एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तपासणी क्रमांक) बाजूला लिहून द्या, घेणाऱ्याने कॉपी झाल्यावर ताडून पाहायचा. आणि उघडल्यावर 'कोंडा-अनपॅक' चालवायला सांगा, नाहीतर आतले पत्ते तुमच्याच मशीनचे राहतील.

निफाडचा_बागायतदार

ताई, पुढच्या ऑक्टोबरला पानं लागली तर आमच्या बागेत या. दोन ओळी बिनफवारणीच्या ठेवतो, वडिलांशी बोलून झालंय. छाटणीची तारीख ठरली की इथेच कळवतो.